पूल बंद करायचा कोणी? : स्ट्रक्चरल इंजिनिअर मंडळींना खुले पत्र

महाराष्ट्रातील स्ट्रक्चरल इंजिनिअर, ऑडिट करणारे सल्लागार आणि महापालिका, सार्वजनिक बांधकाम व जलसंपदा खात्यांतील अभियंता मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की पुलांच्या पाहण्या सुरू होतात, धोकादायक इमारतींच्या याद्या लागतात, सोसायट्यांना नोटिसा जातात. तुमच्यापैकी कोणी रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद अजमावायची हातोडी) घेऊन कॉलम तपासत असेल, कोणी नदीपात्रात उतरून पुलाचे खांब बघत असेल. थोड्याच दिवसांत अहवालांचे गठ्ठे तयार होतील. मीही याच व्यवसायातला आहे. त्या गठ्ठ्यांचं पुढे काय होतं, याविषयी मला तुमच्याशी बोलायचं आहे.

एखादं बांधकाम कोसळलं की चौकशीत गणिताची चूक सापडते, कमी पडलेलं पोलाद सापडतं, गंजलेली सळई सापडते. पण सगळी कागदपत्रं तारखेप्रमाणे लावून वाचली, तर त्यात वारंवार आणखी एक गोष्ट दिसते. कोणाला तरी आधी शंका आली होती. त्याने ती कोणाला तरी सांगितलीही होती. आणि तरीही त्या संध्याकाळी पुलावर माणसं होती.

१७ जुलै १९८१. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरातलं हयात रीजन्सी हॉटेल. उघडून जेमतेम वर्ष झालेलं. शुक्रवारची संध्याकाळ, लॉबीत नाचाचा कार्यक्रम, खाली तुडुंब गर्दी आणि वर छतापासून टांगलेल्या पुलांवर उभे राहून बघणारे लोक. सातच्या सुमारास चौथ्या मजल्याचा टांगता पूल सुटला आणि बरोबर त्याच्याखाली टांगलेल्या दुसऱ्या मजल्याच्या पुलाला घेऊन लॉबीतल्या गर्दीवर आला. ११४ माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

ही घटना कॉलेजात शिकवली जाते, पण बहुतेक वेळा निव्वळ गणित म्हणून. मूळ ड्रॉइंगमध्ये एकच अखंड दांडा छतापासून निघून चौथ्या मजल्याच्या पुलातून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत जात होता. तसा लांब दांडा बसवायचा तर त्याच्या मोठ्या लांबीवर आटे पाडावे लागणार आणि उचलताना ते खराब होणार. म्हणून फॅब्रिकेटरने, म्हणजे पोलादाचे भाग बनवून देणाऱ्या कंपनीने, सोपा मार्ग सुचवला : दोन दांडे वापरू. वरचा दांडा छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, खालचा चौथ्या मजल्याच्या बीमपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो. विहिरीत सोडलेल्या एका दोराला दोघे जण धरून लोंबकळत असतील तर प्रत्येकाच्या मुठीवर आपापलंच वजन येतं. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर वरच्याच्या मुठीवर दोघांचं येतं. चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटाचं नेमकं तेच झालं. चौकशीत असंही दिसलं की मूळ जोडाची ताकदसुद्धा शहराच्या नियमावलीप्रमाणे लागणाऱ्या ताकदीच्या साधारण ६० टक्केच होती. बदलानंतर ती जवळपास निम्म्यावर आली. म्हणजे ते पूल पहिल्या दिवसापासून जेमतेम स्वतःचंच ओझं पेलत उभे होते.

पण मला तुमचं लक्ष गणिताकडे न्यायचं नाही. तो जोड डिझाइन केला कोणी, हा खरा प्रश्न आहे. कोणीच केला नव्हता. इंजिनिअरच्या कार्यालयाने धरून चाललं की रिवाजाप्रमाणे जोडाचा तपशील फॅब्रिकेटर ठरवील. फॅब्रिकेटरने धरून चाललं की ड्रॉइंगमध्ये दाखवलेला जोड इंजिनिअरने तपासलेलाच आहे, आणि कामाचा बोजा जास्त म्हणून शॉप ड्रॉइंगचं (कारखान्यात भाग बनवण्यासाठी लागणाऱ्या सविस्तर ड्रॉइंगचं) काम त्याने पुढे तिसऱ्याकडे दिलं. ती ड्रॉइंग इंजिनिअरच्या कार्यालयात परत आली आणि त्यांच्यावर तपासल्याचा शिक्का बसला. बदलाला फोनवर मंजुरी मिळाली होती, असं फॅब्रिकेटरचं म्हणणं पडलं. असा फोन झाल्याचं इंजिनिअरच्या बाजूने मान्य केलं नाही. लेखी नोंद कुठेच नव्हती. त्याआधी, ऑक्टोबर १९७९ मध्ये, बांधकाम चालू असताना त्याच लॉबीच्या छताचा काही भाग कोसळला होता. त्यानंतर साइटवर पूर्णवेळ तपासनीस ठेवण्याची मागणी झाली, ती खर्चाचं कारण देऊन मालकाने नाकारली. पुढे मिझुरी राज्यात या कामाची जबाबदारी असलेल्या दोन इंजिनिअरांचे परवाने गेले. जोड डिझाइन करणं फॅब्रिकेटरकडे सोपवण्याची प्रथा आहे, हा बचाव टिकला नाही. ड्रॉइंगवर ज्याची मोहर, जबाबदारी त्याची, असा निर्वाळा मिळाला.

आता आपल्या साइटवर या. सकाळी साडेदहाला ठेकेदाराच्या सुपरवायझरचा फोन येतो. ‘साहेब, सोळाची सळई संपलीय, बाराची टाकून नग वाढवतो, चालेल ना?’ तुम्ही दुसऱ्या साइटवर असता, आजूबाजूला मिक्सरचा आवाज असतो, आणि तुम्ही म्हणता, ‘टाका, पण क्षेत्रफळ बघा.’ त्यानंतर व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो, तुम्ही त्यावर अंगठा पाठवता आणि दुपारी स्लॅब भरला जातो. यात अप्रामाणिकपणा कोणाचाच नाही. सुपरवायझर विचारतो, तुम्ही उत्तर देता. पण नेमकं काय विचारलं आणि कशाला होकार दिला, हे तीन महिन्यांनी दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही. कॅन्सस सिटीतला न सापडलेला फोन आपल्याकडे रोज होतो. सळईच्या बदलात बहुतेक वेळा निभावतं, कारण स्लॅबमध्ये ओझं वाटून घ्यायला आजूबाजूला आणखी सळया असतात. टांगलेल्या जिन्याचा हँगर, कँटिलिव्हर (एकाच बाजूने आधार असलेल्या) छज्जाची वरची सळई, होर्डिंगच्या पायाचे अँकर बोल्ट यांना तशी साथ देणारं दुसरं काही नसतं. तिथे एक तपशील चुकला की सगळंच खाली येतं.

दुसरी गोष्ट कॅनडाची आहे, याहून जुनी, आणि माझ्या मते आपल्या सरकारी खात्यांच्या अधिक जवळची. सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकचा पूल बांधला जात होता. थिओडोर कूपर हे त्या काळचे नामांकित सल्लागार इंजिनिअर. ते न्यूयॉर्कला असत आणि प्रकृतीमुळे साइटवर येत नसत. मुख्य गाळा (दोन खांबांमधलं अंतर) १,६०० फुटांवरून १,८०० फुटांवर नेला गेला, पण वाढलेल्या लांबीप्रमाणे पुलाचं स्वतःचं वजन नव्याने मोजलं गेलं नाही. ते जास्त भरतंय हे कळलं तेव्हा काम बरंच पुढे गेलं होतं, आणि वाढलेला ताण चालेल असं ठरवण्यात आलं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये साइटवरचे तरुण तपासनीस नॉर्मन मॅक्लूर यांना दाब पेलणाऱ्या मोठ्या पोलादी भागात (मेंबरमध्ये) बाक दिसला. आधी मोजला होता तेव्हा तो पाऊण इंच होता, आठवड्याभरात सव्वादोन इंच झाला. काहींचं म्हणणं पडलं की बाक कारखान्यातूनच आला असेल. मॅक्लूर यांनी पत्र लिहिलं आणि पाठोपाठ स्वतः न्यूयॉर्क गाठलं. २९ ऑगस्टला कूपर यांनी आकडे बघितले, गांभीर्य ओळखलं आणि विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार चढवू नका, अशी तार केली. तार गेली पेनसिल्व्हेनियात, पोलादाचं काम करणाऱ्या कंपनीच्या कार्यालयाला. क्वेबेकच्या साइटला तार गेली नाही. कंपनीतल्या मंडळींनी मॅक्लूर यांच्याशी चर्चा केली आणि निर्णय दुसऱ्या सकाळवर टाकला. त्याच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, कामाची पाळी सुटायच्या बेतात असताना, पूल नदीत गेला. ७५ कामगार मेले. त्यांतले ३३ कानावागे वस्तीतले, मोहॉक या मूळनिवासी समाजाचे होते. एका वस्तीतली इतकी माणसं एका संध्याकाळी गेली.

शंका बरोबर होती. मोजमाप बरोबर होतं. सल्लागाराने निर्णयही बरोबर घेतला. फक्त काम थांबवण्याचा अधिकार पुलावर उभ्या असलेल्या माणसाकडे नव्हता, आणि ज्यांच्याकडे तो होता ते कित्येक मैल दूर होते. शाखा अभियंत्याकडून उपअभियंता, तिथून कार्यकारी अभियंता, मग अधीक्षक अभियंता अशी फाइल वर जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शाखा अभियंत्याला पुलाच्या खांबाखालची माती वाहून गेलेली दिसते. तो टिपणी लिहितो. टिपणी वर जाते, त्यावर शेरा येतो : ‘सविस्तर प्रस्ताव सादर करावा.’ तोवर पुलावरून एसटी चालूच असते.

टेलिग्राफच्या जमान्यातली गोष्ट आहे, आता तसं होत नाही, असं कोणी म्हणेल. मार्च २०१८ मध्ये मायामीत एका विद्यापीठाचा नवा पादचारी पूल रस्त्यावर बसवल्यानंतर त्याच्या एका टोकाच्या जोडापाशी मोठमोठ्या भेगा पडल्या. १३ तारखेला डिझाइन करणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने राज्याच्या वाहतूक खात्यातल्या कर्मचाऱ्याच्या फोनवर भेगांबद्दल निरोप ठेवला. कर्मचारी कामानिमित्त कार्यालयाबाहेर होता. निरोप ऐकला गेला १६ तारखेला. पूल कोसळला १५ तारखेला, दुपारी, खाली गाड्या उभ्या असताना. सहा माणसं गेली. त्याच सकाळी भेगांवर बैठक झाली होती आणि त्यातून धोका नाही असा निष्कर्ष निघाला होता. त्या फोनवरच्या निरोपातही सुरक्षेच्या दृष्टीने अडचण दिसत नाही असंच म्हटलेलं होतं. म्हणजे निरोप वेळेवर ऐकला असता तरी रस्ता बंद झाला असता का, सांगता येत नाही. चौकशीत डिझाइनची चूक सापडली, आणि त्यासोबत हेही नमूद झालं की भेगा बघितलेल्या एवढ्या संस्थांपैकी एकीनेही रस्ता बंद केला नाही.

आता आपल्याकडे. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. ऑडिटमध्ये तो पूल वापरायला योग्य, किरकोळ दुरुस्ती हवी, अशा गटात होता. सावित्री नदीवरचा महाडचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, सोबत दोन एसटी गाड्या. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असं तेव्हा सरकारने सांगितलं. चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. गळतीची तक्रार गावकरी आधीपासून करत होते. मातीच्या धरणाची गळती ओळखायला पदवी लागत नाही, आणि त्या लोकांनी ती ओळखली होती. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता, नव्या पुलासाठी पैसेही मंजूर झाले होते. फलक लावून शासनाने सूचना दिली, पण दोन्ही टोकांना रस्ता मोकळाच होता.

या घटना एकसारख्या नाहीत. कुठे पाहणाऱ्याला धोका दिसलाच नाही, कुठे दिसून अहवालाच्या भाषेत विरघळला, कुठे ज्यांना दिसला त्यांचं कोणी ऐकलं नाही, कुठे सगळ्यांना ठाऊक असून कोणी आडवं झालं नाही. महाडच्या त्या रात्री पुलाजवळच्या गॅरेजवर काम करणाऱ्या एका माणसाच्या लक्षात आलं की पूल जागेवर नाही, आणि अंधारात, पावसात त्याने येणाऱ्या गाड्या थांबवल्या. त्याच्याकडे ना अधिकार होता ना शिक्का. आपल्याकडे दोन्ही आहेत.

यातला अहवालाच्या भाषेचा भाग पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. सोसायटीच्या ऑडिटचा अहवाल घ्या. सव्वाशे पानं. त्यात हॅमरचे आकडे, यूपीव्हीचे तक्ते, हाफ सेल पोटेन्शियल, कार्बोनेशनची खोली, दोनशे फोटो. इंग्रजीत. शेवटून चौथ्या पानावर एक वाक्य : काही कॉलमना मोठ्या दुरुस्तीची गरज आहे, सक्षम सल्लागाराच्या देखरेखीखाली लवकर दुरुस्ती करावी. सेक्रेटरी हे सर्वसाधारण सभेत वाचतात. लवकर म्हणजे कधी, असं कोणी विचारतं. दिवाळीनंतर बघू, असं ठरतं. त्या अहवालाच्या लेखकाला मात्र मनातून माहीत असतं की पार्किंगमधल्या त्या दोन कॉलमना उद्याच्या उद्या टेकू द्यायला हवेत. ते त्याने लिहिलेलं नसतं, कारण तसं लिहिलं तर सोसायटी दुसरा सल्लागार शोधते, बिल्डरशी चालू असलेल्या पुनर्विकासाच्या वाटाघाटीत त्याचं नाव ओढलं जातं, आणि भाडेकरू म्हणतात की आम्हाला काढायला पैसे खाऊन लिहिलंय. हे सगळं खरं आहे. तुमच्यावर येणारा दबाव मी नाकारत नाही. मुंबईत महापालिकेचे सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ हे गट (सी-१ सर्वांत धोकादायक, सी-३ किरकोळ दुरुस्तीचा) आहेत म्हणून निदान इमारत रिकामी करायची की राहून दुरुस्त करायची, एवढं तरी स्पष्ट होतं. पण त्या गटासाठीही भांडणं होतात आणि एकाच इमारतीचे दोन अहवाल दोन वेगळे गट सांगतात, हे आपण सगळे पाहतो.

फ्लोरिडात सर्फसाइडला समुद्राकाठची बारा मजली इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे कोसळली, ९८ माणसं गेली. तिथल्या रहिवासी मंडळाला २०१८ मध्येच एका इंजिनिअरिंग कंपनीचा अहवाल मिळाला होता. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या डेकचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि त्याखालच्या स्लॅबचं मोठं नुकसान होतंय, असं त्यात होतं. थोड्याच दिवसांत स्थानिक बांधकाम अधिकाऱ्याने रहिवाशांना इमारत चांगल्या स्थितीत दिसते असं सांगितलं. मग वर्गणी किती, कोणी किती द्यायची, यावर वर्षं गेली. आपल्या कुठल्याही सोसायटीची सभा डोळ्यांपुढे आणा.

तेव्हा माझं मागणं असं आहे.

अहवालाचं पहिलं पान मराठीत असावं, आणि त्यावर एकच गोष्ट असावी : इथे राहायचं का, यावरून जायचं का, नसेल तर किती दिवसांच्या आत काय करायचं आणि ते कोणी करायचं. ‘लवकर’, ‘यथावकाश’, ‘शक्य तितक्या लौकर’ हे शब्द तिथे नकोत, तारीख हवी. तात्काळ धोका असेल तर अहवाल पूर्ण होण्याची वाट बघू नये. त्याच दिवशी फोन, त्याच दिवशी लेखी पत्र, आणि पोहोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये. मालक किंवा सोसायटी ऐकत नसेल तर वॉर्ड ऑफिसला आणि पोलीस ठाण्याला पत्र द्यावं. ग्राहकाचा अहवाल गोपनीय असतो हे मान्य, पण खालून चालणाऱ्या माणसाने कुठल्याही करारावर सही केलेली नाही. त्याच्या जिवाची गोपनीयता आपण कशी ठरवणार?

ड्रॉइंगवर प्रत्येक महत्त्वाच्या जोडासमोर तो कोणी डिझाइन केला आणि कोणी तपासला, ही दोन नावं असावीत. कंपनीचं नाव पुरेसं नाही, माणसाचं हवं. जागा रिकामी दिसली की काम थांबेल. साइटवरचा बदल फोनवर मान्य केला तर संध्याकाळच्या आत दोन ओळींचा ईमेल जावा, मग सळईचा बदल असो वा बोल्टचा.

खात्यांतल्या वरिष्ठांना माझी वेगळी विनंती आहे. पूल किंवा बंधारा बंद करण्याचा अधिकार पाहणीला जाणाऱ्या सर्वांत कनिष्ठ अभियंत्याला लेखी द्या, किमान २४ तासांपुरता तरी. उघडण्याचा अधिकार वर ठेवा, हरकत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली जिल्हा प्राधिकरणाला वाहतूक रोखता येते, पण जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत गोष्ट पोचायला जो वेळ लागतो तोच आपल्याला परवडत नाही. आणि अशा अभियंत्याने पूल बंद केला, आमदारांचे फोन आले, भाजीचे टेम्पो अडकले, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीत पूल ठीक निघाला, तर त्याला कारणे दाखवा नोटीस देऊ नका. एकदा दिलीत की त्या विभागातला एकही माणूस पुन्हा पूल बंद करणार नाही. गावकऱ्यांच्या तक्रारीची नोंद तारखेसह ठेवा, आणि जागेवर जाऊन बघितल्याची सही तिच्यासमोरच घ्या. पाहणीचे निष्कर्ष पुलाच्या तोंडाशी लावा, आणि पूल धोकादायक ठरला तर फलकासोबत भिंत घाला किंवा चर खणा, दुचाकीही जाणार नाही असा.

आपल्या व्यवसायातल्या संघटनांनाही सांगायचं आहे. आपल्या देशात वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. इंजिनिअरांसाठी देशभर लागू होणारा तसा कायदा नाही. महापालिका आपापली लायसन्स देतात. एका शहरात काळ्या यादीत गेलेल्याला दुसऱ्या शहरात काम मिळू शकतं. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर ऑडिटच्या कामाला किमान फी आणि किमान चाचण्या ठरवून, त्याखाली निविदा भरणार नाही असं संघटना सांगू शकतात. सर्वांत कमी दराच्या निविदेत एका अभियंत्याने किती पूल किती दिवसांत बघायचे असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या गतीत पुलाच्या खालच्या बाजूला टॉर्च मारून बघायलाही वेळ उरत नाही. धोक्याचं लिहिलं म्हणून एखाद्या सदस्याचं काम गेलं, तर संघटनेने त्याच्या बाजूने जाहीरपणे उभं राहायला हवं. आज तो एकटा असतो.

ज्या संघटनेला पहिल्या पानाचा नमुना ठरवायचा असेल, तिच्यासाठी मी एक मसुदा तयार केला आहे. त्यात प्रत्येकाने आपल्या अनुभवाने भर घालावी, न पटेल ते खोडावं. यंदाच्या मान्सूनपूर्व पाहण्या संपायच्या आत एक बैठक घेऊ, त्यात खात्यांचे अभियंते आणि सोसायट्यांचे सेक्रेटरीही असू देत. तारीख तुम्ही कळवा.

आपला,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, ठाणे